मानवतचा खडू आणि माळशेजचा घाट

गाडी चालू होत नाही, ही तक्रार गाडीवाला गावभर सांगत सुटतो. गाडी थांबत नाही, ही तक्रार मात्र तो सहसा कुणाला सांगत नाही. कारण सरळ आहे. ती त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलेली नसते! ब्रेक काही एका रात्रीत दुबळे होत नाहीत. आज केसभर, उद्या केसभर असे ते उतरत जातात, आणि चालवणाऱ्याचा पायही तितकाच केसभर अधिक दाबायला शिकतो. पायाला सवय लागते आणि मालक बेफिकीर राहतो. मग एखाद्या दिवशी उतार लागतो, पुढे बैलगाडी असते आणि मागच्या सगळ्या सवयींचा हिशेब एकदम चुकता करावा लागतो.

हे तत्त्वज्ञान मला कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही. ते शिकवले परभणी जिल्ह्यातील मानवत या गावच्या एका उस्तादाने, १९८५ सालच्या दिवाळीत, शाळेतल्या खडूच्या एका तुकड्याने. तीच हकीकत आज सांगणार आहे. वाचकांपैकी ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांना तिचा सरळ उपयोग होईल, आणि ज्यांच्या दारात नवी कोरी गाडी आहे त्यांनाही होईल. कारण गाडी कितीही नवी असली तरी चालवणाऱ्याचा पाय तोच जुना असतो.

दोन माणसांची गाडी, तीन माणसांचा प्रवास

माझ्याकडे त्या वेळी एक एम. जी. होती. टी. डी. जातीची, दोन माणसांची, बिनछपराची, लांब नाकाची. विलायतेत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९५० ते १९५३ या काळात या गाड्या भरभरून निघाल्या. जवळजवळ तीस हजार झाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. थोड्या आपल्याकडे आल्या. पुढे परदेशी गाड्यांची आयात आटली आणि आपल्या रस्त्यांवर फियाट, ॲम्बेसेडर आणि हेरल्ड अशा तीन जातींचेच राज्य सुरू झाले. त्यामुळे जुन्या एम. जी. ला कोणी वाली उरला नाही. मला ती मुंबईच्या एका पारशी गृहस्थांकडून मिळाली. त्यांनी ती लेकीसारखी सांभाळली होती, पण शेवटची काही वर्षे ती गॅरेजात नुसती उभी होती. ही ‘नुसती उभी’ असण्याची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

मानवतला माझी थोरली बहीण दिलेली. दाजी तिथल्या शाळेत गणित शिकवीत. मानवत ही कापसाची जुनी पेठ. दिवाळीच्या सुमारास वेचणीला जोर येतो आणि रस्त्यावर कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्यांची रांग लागते. “या भाऊबीजेला तरी ये,” असे ताईचे पत्र आले होते. तीन वर्षे मी काही ना काही सबबी सांगत होतो. यंदा सबब उरली नव्हती. सौभाग्यवती म्हणाल्या, “आगगाडीने जाऊ या.” मी म्हणालो, “आपली गाडी असताना आगगाडी कशाला?” सगळ्या जगातल्या नवऱ्यांनी आजवर केलेल्या चुकांची यादी काढली, तर निम्म्या चुका अशाच वाक्याने सुरू झालेल्या आढळतील.

कल्याणहून निघणारा निर्मळचा रस्ता सरळ मानवतवरून जातो. आज त्याला राष्ट्रीय महामार्ग ६१ म्हणतात. मुरबाड सोडले की माळशेज घाट चढायचा, ओतूर, आळेफाटा करीत नगर गाठायचे (आताचे अहिल्यानगर), करंजी घाट, पाथर्डी, माजलगाव, मग गोदावरी ओलांडून पाथरी, आणि पुढे मानवत. चारशेच्या आसपास किलोमीटर. पाच वर्षांच्या छोकरीला दोघांच्या मध्ये बसवून आम्ही धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो.

निघण्यापूर्वी मी गाडीचे ब्रेक नवे करून घेतले होते, हे मुद्दाम सांगतो. शहरातल्या एका गॅरेजात चारही ड्रम लेथवर आतून कातून घेतले, आठही शूंना नवे लायनर मारले, मास्टर सिलिंडरचे वॉशर बदलले, नवे ब्रेक ऑइल भरले. बिल पाहून डोळे पांढरे झाले. पण ब्रेकचे काम झाले म्हणून मनाला स्वस्थता होती.

माळशेज चढताना काही कळले नाही. चढावर ब्रेक कुणाला लागतो? पण नगरच्या पुढे करंजी घाट उतरताना सौभाग्यवती अचानक म्हणाल्या, “अहो, माझा पाय दुखायला लागला.”

“तुम्ही काय चालत आहात का?” मी विनोद केला.

“नाही. पण प्रत्येक वळणाला मी पाय फळीवर दाबतेय. गाडी थांबेल असं वाटतं तेव्हा थांबत नाही, जरा नंतर थांबते.”

मी हसण्यावारी नेले. ब्रेक नवे होते ना! मात्र मानवतच्या वेशीशी कापसाच्या गाड्यांची रांग दिसली, मी पाय दाबला, पायडल दगडासारखे घट्ट लागले, आणि गाडी आपल्या मर्जीने पुढे सरकत शेवटच्या बैलगाडीच्या जेमतेम हातभर मागे थांबली. गाडीवान मागे वळून पाहत राहिला. छोकरी टाळ्या वाजवीत होती. आम्ही दोघे मात्र काही बोललो नाही.

उस्तादाचे चार प्रश्न

दाजींना ही हकीकत कळली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “परतीच्या वाटेवर माळशेज चढायचा की उतरायचा?” गणिताचे मास्तर ते! उत्तर मला ठाऊक होते. जाताना चढलेला घाट येताना उतरावा लागतो. ताईने स्वयंपाकघरातून ऐकले आणि बाहेर येऊन जाहीर केले की गाडी नीट झाल्याशिवाय तिची भावजय आणि भाची या घरातून हलणार नाहीत. भावाला हवे तर त्याने एकट्याने जावे.

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून दाजी मला रस्त्याकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथले उस्ताद जीपगाड्या, ट्रॅक्टर आणि जिनिंगच्या मालमोटारी दुरुस्त करीत. एम. जी. त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मी ‘मास्टर सिलिंडर पुन्हा खोलावा लागेल काय?’ असे विचारताच हात वर केला.

“साहेब, खोलायचं मागून. आधी पायडलला इचारा. ते खोटं बोलत नाही.”

मग त्यांनी मला गाडीत बसवले आणि एकामागून एक चार प्रश्न विचारले. ते प्रश्न मी तेव्हापासून पाठ केले आहेत. वाचकांनीही करावेत, कारण हायड्रॉलिक ब्रेकच्या कुठल्याही गाडीला ते लागू पडतात.

पहिला प्रश्न: पायडल किती खाली जाते, आणि लागोपाठ दोन-तीनदा दाबले तर वर येते का? वर येत असेल तर तेलाची तक्रार नाही. लायनर झिजून शू आणि ड्रम यांच्यातील फट वाढली आहे. पहिल्या दाबात शूला फट ओलांडण्यातच तेल खर्ची पडते. दुसऱ्या दाबाला तो जवळ असतो. अशा वेळी ॲडजस्टर फिरवून फट कमी केली की काम होते. एक रुपयाचाही सुटा भाग लागत नाही.

दुसरा प्रश्न: पायडल पायाखाली मऊ, स्पंजासारखे लागते का? लागत असेल तर नळीत हवा शिरली आहे. फ्रान्सच्या पास्कल नावाच्या पंडिताने सतराव्या शतकात सांगितले की कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो. सगळा हायड्रॉलिक ब्रेक या एका वाक्यावर उभा आहे. पण द्रव दबत नाही, हवा दबते. तुमच्या पायाचा जोर मग चाकापर्यंत न पोचता हवेचा बुडबुडा दाबण्यातच संपतो. उपाय म्हणजे चाकाजवळचे निपल सैल करून हवा काढणे. साधारणतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात.

तिसरा प्रश्न: पाय तसाच दाबून धरला तर पायडल हळूहळू खाली बसत जाते का? जात असेल तर तेल कुठेतरी निसटते आहे. चाकाच्या आतल्या बाजूला, नळीच्या सांध्यावर ओल शोधावी. बाहेर कुठेच ओल नसेल आणि तेलाची पातळीही उतरत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधल्या रबराच्या वॉशरवरून तेल आतल्या आत मागे सरकते असे समजावे. हा दोष सर्वांत घातकी. घाईत जोरात दाबले तर ब्रेक लागतो आणि सिग्नलला शांतपणे धरून ठेवला तर सुटतो.

चौथा प्रश्न: पायडल वर आहे, घट्ट आहे, खाली बसत नाही, आणि तरी गाडी थांबत नाही?

“हेच! अगदी हेच!” मी ओरडलो.

उस्ताद हसले. “मग तेल आपलं काम करतंय. तुमच्या पायाचा जोर चाकापतुर जातोय. तिथं जाऊन तो वाया जातोय. मास्टर सिलिंडरला कशाला हात लावायचा?”

माझ्या डोळ्यांसमोर ते गॅरेजचे बिल उभे राहिले. त्यातली निम्मी रक्कम अशा भागांसाठी होती ज्यांची काही तक्रारच नव्हती. मला कुणी चार प्रश्न विचारले नव्हते; आणि खरे सांगायचे तर मीही कुणाला विचारू दिले नव्हते. ‘सगळे नवे टाका’ असे मीच रुबाबात सांगितले होते.

खडूची साक्ष

उस्तादांनी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ओंडके लावले, पुढचा भाग जॅकने उचलला आणि जॅकच्या भरवशावर न राहता चासीखाली भक्कम लोखंडी घोडे दिले. (विटांवर गाडी ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. वीट फुटताना आवाज देत नाही.) चाक निघाले, ड्रम निघाला.

आत लायनर कोरे करकरीत. तेलाचा डाग नाही, ग्रीसचा थेंब नाही. मी म्हणालो, “पाहा, सगळे ठीक आहे.” उस्तादांनी दाजींकडे पाहिले. दाजींच्या सदऱ्याच्या खिशात दिवाळीच्या सुट्टीतही खडूचा तुकडा होताच. उस्तादांनी तो मागून घेतला, ड्रमच्या आतल्या भिंतीला सगळीकडे पांढरा थर दिला, ड्रम पुन्हा चढवला, मला हलकेच ब्रेक दाबायला सांगितले आणि हाताने ड्रम थोडासा फिरवून परत काढला.

लायनरच्या पट्टीवर मधोमध दोन बोटे रुंदीचा पांढरा पट्टा उमटला होता. बाकी सगळी पट्टी काळीच्या काळी!

दाजी गणिताचे. ते एकदम उद्गारले, “अरे, हे तर दोन वर्तुळांचं झालं!” आणि त्यांनी शेडच्या जमिनीवर आकृतीच काढून दाखवली. ड्रम लेथवर आतून कातला की त्याचा व्यास वाढतो. नवे लायनर मात्र जुन्या, लहान वर्तुळाच्या गोलाईचे. लहान वर्तुळाचा तुकडा मोठ्या वर्तुळाला आतून टेकवला तर तो मध्यावरच टेकणार. दोन्ही टोके अधांतरी राहणार. म्हणजे हातभर पट्टीतली दोन बोटेच काय ते काम करीत होती. तेवढ्याच जागेत सगळी उष्णता साठून ती जागा काचेसारखी चकचकीत झाली होती. चकाकी आली की पकड गेलीच.

हजारभर मैल सपाटीवर जपून चालवले असते तर लायनर आपोआप घासून बसलेही असते. पण घाट काही तेवढा वेळ देत नाही.

मग दोन दिवस तेच काम चालले. खडू लावायचा, ड्रम फिरवायचा, पांढरे उमटलेले उंचवटे कानशीने उतरवायचे, पुन्हा खडू. पांढरा पट्टा दोन बोटांचा चार बोटांचा झाला, मग वीतभर झाला आणि पाडव्याच्या दुपारपर्यंत जवळजवळ टोकापर्यंत पोचला. आठही पट्ट्यांना हाच संस्कार झाला. दाजी रोज खिशातून खडू काढून देत आणि ‘शाळेच्या मालाचा अपहार’ म्हणून स्वतःच हसत.

एक गोष्ट मात्र आज मान खाली घालून सांगतो. कानशीचा भुगा आम्ही तोंडाने फुंकून उडवला. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुफ्फुसांत गेली तर वर्षानुवर्षांनी कर्करोगासारखे आजार होऊ शकतात. जुन्या गाडीचा ड्रम उघडताना फुंकर मारू नये, हवेचा फवारा मारू नये. ओल्या फडक्याने धूळ टिपून घ्यावी, तोंडाला चांगला मास्क असावा आणि आजूबाजूला मुले नसावीत. लायनर घासण्याचे काम तर ज्यांच्याकडे धूळ ओढून घेण्याची सोय आहे त्यांच्याचकडून करून घ्यावे, आणि नवे लायनर ॲस्बेस्टॉस नसलेलेच घ्यावेत. तसेच ड्रम किती कातला त्याचे माप घ्यावे. फार पातळ झालेला ड्रम तापला की फुगतो, तडकतो; तो बदलायचाच.

दुसरा दोष

पाडव्याच्या संध्याकाळी पाथरीच्या रस्त्यावर आम्ही परीक्षा घेतली. पहिल्या दिवशी उस्तादांनी दुरुस्तीपूर्वीच गाडी तीस मैलांच्या वेगात आणून एका बाभळीपाशी ब्रेक दाबायला लावला होता. तेव्हा बाभळीपासून गाडीपर्यंत दाजींनी मोजलेली पावले होती अडतीस. आता भरली पंचवीस! मी तर तिथेच पेढे वाटायच्या तयारीत होतो.

उस्ताद मात्र गप्प. “साहेब, गाडी उजवीकडं ओढली. पाहिलं का?”

मी पाहिले नव्हते. हाताने स्टिअरिंग आपोआप सावरले होते. पायाला लागते तशी हातालाही सवय लागते!

भाऊबीजेच्या सकाळी पुढचे डावे चाक पुन्हा उघडले. या गाडीच्या पुढच्या प्रत्येक ड्रममध्ये दोन शू आणि दोन सिलिंडर असतात. दोन्ही शूंची रचना अशी की चाक पुढे फिरताना ते शूला आपल्याबरोबर ओढते आणि शू ड्रमवर अधिकच घट्ट बसतो. म्हणजे चाकच ब्रेकला हात देते. मला हलके पायडल दाबायला सांगून उस्ताद पाहत राहिले. एक शू टुणकन पुढे आला, दुसरा जागचा हलेना. त्याच्या सिलिंडरचा पिस्टन गंजाने जाम झाला होता.

गॅरेजात नुसत्या उभ्या राहिलेल्या वर्षांचा हा प्रसाद. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेते. पाणी धरलेले तेल वर्षानुवर्षे तसेच राहिले की सिलिंडरची आतली भिंत गंजते. आधी सगळ्याच पट्ट्या निकामी असल्यामुळे डावे-उजवे सारखेच दुबळे होते आणि गाडी सरळ थांबत होती. बाकीच्या पट्ट्या धरू लागल्या तेव्हा एकाची गैरहजेरी उघडी पडली. एक दोष सापडला म्हणजे दोष संपले असे नव्हे. पुष्कळदा पहिल्या दोषाच्या आड दुसरा दडून बसलेला असतो.

परभणीहून मापाने जुळणारे रबराचे वॉशर आणले. सिलिंडर साफ केला. गंजाचे खड्डे खोल नव्हते म्हणून तो वाचला. खोल असते तर नवा शोधावा लागला असता. आतले भाग उस्तादांनी ब्रेक ऑइलनेच धुतले. पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिनाचे ऑइल लावले तर रबर फुगते आणि आठ दिवसांत सगळे केलेले पाण्यात जाते. सगळ्या नळ्यांतले तेल नवे भरले, हवा काढली, प्रत्येक शू ड्रमला टेकेपर्यंत ॲडजस्ट करून, मग चाक मोकळे फिरेल इतपत मागे घेतला. शेवटी हँडब्रेकची तार ताणली. या गाडीत चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट. ती फुटली तर चारही ब्रेक एकदम जातात आणि उरतो तो फक्त हँडब्रेक. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र वाटा असतात. तेव्हा तसे नव्हते.

पुन्हा बाभळ, पुन्हा तीस मैल. दाजी पावले मोजीत आले. एकवीस! आणि गाडी नाकासमोर सरळ.

उस्तादांनी मजुरी सांगितली ती शहरातल्या बिलाचा लहानसा तुकडा होती. मी अधिक देऊ लागलो तर म्हणाले, “मी नवं काय टाकलं? वॉशर अन् तेल. बाकी खडू तर मास्तरांचा.”

माळशेज उतरताना

दुसऱ्या दिवशी निघालो. ताईने फराळाचा डबा दिला, छोकरीच्या गालावरून हात फिरवला आणि माझ्या हातात एक कोरे पोस्टकार्ड ठेवले. पत्ता तिने स्वतःच लिहिलेला होता. “घाट उतरलास की टाक,” एवढेच म्हणाली.

घाट उतरणे म्हणजे काय, याचा एक छोटा हिशेब दाजींनी वाटेसाठी दिला होता. माणसांसकट एक टन वजनाची गाडी शंभर मीटर उंची उतरली, की तिच्या उताराची शक्ती सुमारे तीन लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी भरते. ही उष्णता जाणार कुठे? इंजिनाने ओढून धरले नाही तर सगळी ब्रेकमध्ये. ड्रम तापला की फुगून लायनरपासून दूर जातो, लायनरची पकड कमी होते आणि तेलात पाणी असेल तर ते उकळून वाफ होते. वाफ म्हणजे पुन्हा हवाच. घट्ट असलेले पायडल एकाएकी फळीला टेकते. डॉट ३ जातीचे कोरे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. तेच पाणी धरलेले तेल १४० अंशांलाही उकळू शकते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलावे असे म्हणतात ते उगाच नाही.

तेव्हा मंडळी, जुना नियम पाळावा. ज्या गियरमध्ये घाट चढाल, त्याच गियरमध्ये उतरा. पाय ब्रेकवर ठेवून बसू नका. वेग वाढला की नीट दाबून कमी करा आणि पाय सोडा, म्हणजे ड्रमला श्वास घ्यायला सवड मिळते. वेग दुप्पट तर थांबायला अंतर चौपट, हे विसरू नका. जळका वास आला किंवा पायडल नेहमीपेक्षा खाली गेले तर सुरक्षित जागी थांबा, तासभर गप्पा मारा. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र ओतू नका, तो तडकेल.

आम्ही दुसऱ्या गियरमध्ये माळशेज उतरलो. मागून येणाऱ्या एस.टी.ने भोंगे वाजवले; तिला वाट दिली. छोकरी झोपली होती. अर्ध्या घाटात मी विचारले, “पाय दुखतोय का?”

सौभाग्यवतींनी खाली पाहिले. दोन्ही पाय मांडी घालून वर घेतलेले होते. त्यांच्याही ते तेव्हाच लक्षात आले.

मुरबाडला चहा घेतला आणि ताईचे पोस्टकार्ड पेटीत टाकले. त्यावर दोनच शब्द लिहिले होते: ‘घाट उतरलो.’

आणि तुमच्या गाडीचे?

ती एम. जी. पुढे मी एका शौकिनाला दिली. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेल्या. त्यांचेही चारही ब्रेक ड्रमचेच. आजच्या मोटारींना पुढे डिस्क असते, पायाला मदत करणारा सर्व्हो असतो, चाक अडकू न देणारी ए. बी. एस. असते. पण चार प्रश्न बदललेले नाहीत. फक्त चौथ्यात एक भर घालावी. पायडल घट्ट आणि ब्रेक कमी, असे सर्व्होच्या गाडीत झाले तर आधी इंजिन बंद ठेवून पायडल चार-पाचदा दाबा, मग दाबलेले धरून इंजिन चालू करा. पायडल किंचित खाली गेले तर सर्व्हो शाबूत. जागचे हलले नाही तर दोष तिथे आहे असे समजून मेकॅनिक गाठा. आणि चारांपैकी कुठल्याही प्रश्नाचे उत्तर शंकास्पद आले, तर गाडी चालवीत गॅरेजात नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा.

सर्वांत सोपी तपासणी मात्र यंत्राची नाहीच. या दिवाळीत सगळी मंडळी गाडीत बसून गावी निघतील, तेव्हा एखाद्या उतारावर शेजारी बसलेल्या माणसाला सहज विचारा, “तुझा पाय काय म्हणतो?” तुमच्या पायाला सवय लागलेली असते; त्याच्या नसते. तो फळी दाबीत असेल तर विनोद करू नका. पुढच्या गावी गाडी थांबवा, आणि कुणाजवळ खडू आहे का ते पाहा.